मॉडेल गंडलंय म्हणायच्या आधी

भावा,

तुझं पत्र वाचलं. हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल निरभ्र आकाशाचं ऊन जास्त सांगतंय, गच्चीवरचा पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचा मीटर, कमी दाखवतोय, म्हणजे मॉडेल गंडलंय, असं तू लिहून मोकळा झालास. एवढी गडबड करू नकोस.

आधी दोघांचं निरभ्र एकच आहे काय ते बघ. मॉडेल रेडिएशनचा हिशोब दोनदा करतं, एकदा ढग धरून, एकदा ढग काढून, त्यामुळं जुलैत आपल्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हापण त्याच्याकडं निरभ्रचा आकडा तयार असतो, आणि तोही त्या दमट हवेतला, जिच्यातली वाफ ऊन खाते. तुझ्या मीटरला खरोखर मोकळं आभाळ लागतं, ते मिळतं बहुतेक हिवाळ्यात, कोरड्या हवेत. मग ह्या फरकानं तर मीटरचा आकडा वर जायला पाहिजे, तुझा खाली आलाय. म्हणजे घोळ दुसरीकडं हाय.

मीटरवरचा काचेचा डोम कधी पुसलास? आणि रात्रीचे आकडे बघितलेस का? डोम आभाळाकडं उष्णता सोडून गार पडतो, मग मीटर रात्री शून्याच्या खाली दोन-चार वॉट दाखवतो, आणि तशी तूट दिवसापण राहते, फक्त दिसत नाही. घड्याळपण तपास. आपल्याकडं सूर्य माथ्यावर बाराला येत नाही, सरासरी १२:३३ च्या आसपास येतो, फेब्रुवारीत पावणेएक होतात, नोव्हेंबरात सव्वाबारा. स्वच्छ दिवसाचा ग्राफ त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा उतरला नाही तर घड्याळ चुकलंय नाहीतर मीटर कललाय.

हे सगळं ठीक निघालं तर मग हवा. ऊसतोडीच्या हंगामात गुऱ्हाळं चालू, त्यात कोण ना कोण पाचट पेटवतोच. मॉडेलच्या शंभरेक किलोमीटरच्या चौकोनात कोकण, घाट आणि आपण सगळे एकात, त्याला तुझ्या शेजारच्या फडातला धूर कुठनं कळणार! म्हणून नुसतं एकूण ऊन जुळवत बसू नकोस, डायरेक्ट, म्हणजे सूर्याकडनं थेट येणारं, आणि डिफ्यूज, म्हणजे आभाळभर विखरून येणारं, वेगळं काढ. धुरानं डायरेक्ट कमी होतं, डिफ्यूज वाढतं. वाफेनं तसं होत नाही. कधी कधी एकूण आकडा झकास जुळतो आणि आत दोन चुका एकमेकीला झाकून बसलेल्या असतात, मला तर न जुळणाऱ्या ग्राफपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

मॉडेल चुकतच नाही असं मी म्हणत नाही. जुनी मॉडेलं वाफेनं शोषलेलं ऊन कमी धरायची, त्यामुळं जमिनीवर ऊन जास्त दाखवायची, हे १९९२ पासून चाललेल्या बीएसआरएनच्या, म्हणजे ऊन मोजणाऱ्या जगभरच्या जाळ्याच्या, स्टेशनांवरच्या मोजणीशी ताडूनच पक्कं झालं. पण ती मीटरं रोज पुसलेली असतात.

ग्राफ नंतर पाठव, आधी रात्रीचे आकडे धाड.