सामाजिक वागणं मेंदूत कुठे असतं? सुरुवात करणाऱ्यांसाठी

आधी 'कुठे' हा प्रश्न बाजूला ठेवा. एकच जागा नाही, कारण वागण्यामागचं ज्ञानही एका प्रकारचं नाही.

शिमग्यातली पालखी घ्या. ती दारात आली की ओटी भरायची, मग गाऱ्हाणं, हा क्रम ठाऊक असणं एक. त्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाचा मोठा वाटा. 'मानी', 'कंजूष' म्हणजे काय हे कळणं दुसरं. त्यासाठी टेम्पोरल खंडाचं (कानाजवळचा भाग) पुढचं टोक. मानकरी का रुसलाय हे ताडणं तिसरं. तिथे टेम्पोरल आणि पराएटल (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा) खंडांचा सांधा महत्त्वाचा. तिन्ही एकत्र चालतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- स्कॅनमध्ये भाग उजळला म्हणजे ज्ञान तिथेच साठलंय, असं मानणं. एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा हा स्कॅन) रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दाखवतो, तोही काही सेकंद उशिरा. त्या भागाला इजा झालेल्यांचं काय बिघडतं, हे सोबत वाचाच.
- नियम माहीत असणं आणि तसं वागणं एकच समजणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रीफ्रंटलच्या आतल्या-खालच्या भागाला इजा झालेला माणूस योग्य काय ते अचूक सांगू शकतो, प्रत्यक्षात मात्र उलट वागतो.
- फिनिअस गेज (लोखंडी सळई डोक्यातून आरपार गेलेला अमेरिकी कामगार) याच्या १८४८ च्या अपघातावर सगळा डोलारा उभारणं. त्याच्या मूळ नोंदी थोड्याच आहेत, आणि पुढे तो चिलीत घोडागाडी हाकत होता, म्हणजे कामधंदा करण्याइतका सावरला होता.

पहिल्या आठवड्यात १९८५ ची सॅली-ॲन चाचणी (दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे मुलाला कळतं का, ते बघणारी) नीट समजून घ्या. घरात तीन आणि पाच वर्षांची मुलं असतील तर एकजण खोलीबाहेर असताना काजू एका डब्यातून दुसऱ्यात हलवा आणि तो परतल्यावर ते कुठे शोधेल, असं मुलांना विचारून बघा. मेंदूतल्या रसायनांचं नंतर बघू.