माउथवॉशने जंतू मरतात, पण कुठले?

प्रश्न: डॉक्टर, मी अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो, घरी यायला रात्रीचे साडेबारा होतात मग ब्रश करायचा जाम कंटाळा येतो. मागे अक्कलदाढ काढली तेव्हा क्लोरहेक्झिडीनचं माउथवॉश लिहून दिलं होतं, तेच परत परत आणून दोन महिने नुसती चूळ भरून झोपतोय. आता खालच्या दातांना आतून तपकिरी डाग पडलेत आणि बायको म्हणते वास काही गेला नाही. मग जंतू मरतात की नाही?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: मरतात की! क्लोरहेक्झिडीन तर यातलं सगळ्यात दणकट औषध, चूळ थुंकली तरी ते दात-हिरड्यांना चिकटून राहतं आणि पुढे काही तास काम करत राहतं. पण मरतात ते लाळेत तरंगणारे आणि वरवरचे. दातावर जो चिकट थर बसतो ना, प्लाक, त्याच्या आतले जंतू मजेत असतात. रामकुंडाच्या पायऱ्या बघा, गोदावरीचं पाणी दिवसरात्र वरून जातं म्हणून शेवाळ निघतं का, ते खराट्याने घासावंच लागतं. तसंच आहे हे.

हे काही आजचं नाही बरं का. लेव्हेनहूक नावाचा एक डच कापडवाला होता, भिंगं घासायचा नादिष्ट, त्याने 1683 च्या सुमारास स्वतःच्या दातांमधला पांढरा गाळ भिंगाखाली बघितला तर जंतू वळवळत होते. मग त्याने कडक व्हिनेगरने चुळा भरल्या आणि परत गाळ काढला, तरी जंतू जिवंतच! तोच गाळ बाहेर व्हिनेगरमध्ये कालवला तेव्हा मात्र मेले. म्हणजे औषधात दम होता, ते आतपर्यंत पोचतच नव्हतं. तुमचं नेमकं हेच झालंय.

डाग त्या औषधाचेच आहेत, त्यात शिफ्टमधला चहा, मग काय विचारता. चवही बिघडते बऱ्याच जणांची. म्हणून ते साधारण दोन आठवड्यांपुरतं देतात, दाढ काढल्यावर किंवा हिरड्यांच्या ट्रीटमेंटनंतर, जेव्हा नीट घासता येत नाही. आणि ब्रश केल्या केल्या लगेच घेऊ नका, पेस्टच्या फेसाने त्याचा जोर जातो, अर्धा तास तरी जाऊ द्या. रोजच्या वापरातली ओवा-निलगिरीच्या वासाची माउथवॉशं सौम्य असतात (त्यातलं थायमॉल म्हणजे ओव्यातलंच, आजी चुकीची नव्हती), पण तीही ब्रशच्या जोडीला, बदली नाही.

वासाचं म्हणाल तर तो बहुतेक जिभेच्या मागच्या भागातून येतो, तिथले जंतू गंधकाचे वायू सोडतात. टंग क्लीनर जरा मागपर्यंत न्या, उबळ येईल थोडी, येऊ द्या. लसणाचा वास मात्र रक्तातून फुफ्फुसात जाऊन श्वासातून येतो, त्याला चूळ काय करणार.

बरं, जिभेवरचे सगळेच जंतू वाईट नसतात, काही तर पालक-बीटातल्या नायट्रेटपासून रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात, तेही उगाच मरतात.

आता असं करा, ब्रश बॅगेतच टाका आणि डबा खाल्ल्यावर जरा वेळाने कंपनीच्या बेसिनवरच उरकून घ्या, दोन दिवस लोक बघतील मग सोडून देतील. डागांवर लिंबू-मीठ अजिबात घासू नका, दातावरचं कवच झिजतं, पॉलिशिंगला निघतात ते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्याच फेरीत दाखवून घ्या.