लोकांचे कागद लिहून पोट भरतं का?

साक्री तालुक्यातला पंचविशीचा मुलगा. बी. ए. झालेला, धुळ्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीची दोन वर्षं गेलेली. गावी आला की शेजारच्या पाड्यांवरच्या लोकांचे वनहक्काचे दावे, म्हणजे कसत आलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारे अर्ज, लिहून द्यायचा. एका संस्थेने ‘पूर्णवेळ ये’ म्हटलं आणि घरात वाद पेटला. वडील तीन एकरांवर कांदा करणारे. त्यांचा सवाल सरळ होता : ‘लोकेसना कागद लिखीसन पोट भरी का?’ मुलगा मात्र साने गुरुजींचं नाव घेत माझ्याकडे सल्ल्याला आला. खानदेशात अशा वेळी हे नाव निघतंच; पण १९३० साली नोकरी सोडण्याआधी गुरुजींनी अमळनेरला सहा वर्षं शिक्षकी केली होती, हे सहसा कुणाला आठवत नाही.

अशी मुलं ‘नोकरी की चळवळ’ असं ठरवूनच येतात. त्यावर कितीही बोललं तरी गाडी पुढे सरकत नाही. म्हणून त्याला एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी तू लिहिलेली एक फाइल घेऊन ये.

फाइल आली ती फेटाळलेल्या दाव्याची. शेरा दोन शब्दांचा : ‘पुरावा अपुरा’. सोबत वनखात्याच्या दंडाची एक पावती, बस्स. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे एकाहून जास्त पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा, शेतातले जुने बांध किंवा विहीर हाही पुरावाच. तो जबाब घेतलाच नव्हता. ‘तोंडी सगळ्यांना माहीत आहे’ म्हणे. दुसरी चूक याहून महाग. फेटाळल्याचं कारण समितीने लेखी कळवायचं असतं आणि कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची असते. पत्र कधी हाती पडलं, ते फाइलवर कुठेच नोंदवलेलं नव्हतं. मग ६० दिवस मोजायचे कुठून? मुलाने हे वाचलं आणि बराच वेळ गप्प बसला.

याच फाइलवरून मग करिअरचं बोलणं झालं, कारण तिच्याभोवती तीन खुर्च्या असतात. एक प्रांताधिकाऱ्याची : उपविभागीय समितीचा अध्यक्ष तोच, म्हणजे एमपीएससी हा काही ‘विकलं जाण्याचा’ मार्ग नव्हे. मात्र त्या खुर्चीवरून सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही आणि बदली झाली की फाइल मागे राहते. दुसरी संस्थेच्या कार्यकर्त्याची : माणसं जवळ, सही-शिक्का हातात नाही. तिसरी वकिलाची. जिल्हा समितीनेही (अनुसूचित क्षेत्रात तिच्यावरच्या विभागीय समितीनेही) नाकारलं तर वाट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते, आणि साक्री-शिरपूरकडून तिथवर असे दावे नेणारी माणसं कमीच. पदवीनंतर एलएलबी तीन वर्षांची, प्रवेश सीईटीने, हजेरी ७० टक्के. म्हणजे संस्थेचं पूर्णवेळ काम आणि कॉलेज एकत्र जमत नाही. वकिलीच्या सनदेसाठी नावनोंदणीचं शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. याहून जास्त घेऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे. आणि जे बहुतेकांना उशिरा कळतं ते असं : सनद घेऊन कुणाकडे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर वकिली थांबवावी लागते. संस्थेचा पगार घेऊन त्याच संस्थेसाठी कोर्टात उभं राहू, हे स्वप्न तिथेच अडतं.

संस्थेला विचारायचे प्रश्न त्याने कागदावर लिहून नेले. पगार कोणत्या प्रकल्पातून, आणि तो प्रकल्प संपतो कधी? नियुक्तीपत्र मिळणार का, की ‘मानधन’? पाड्यांवर फिरायचं तर पेट्रोल कोणाचं? उत्तरं आली : प्रकल्प अकरा महिन्यांचा, पत्र ‘नंतर देऊ’, पेट्रोल स्वतःचं. त्याने स्वतःच हिशोब मांडला तेव्हा निम्मं मानधन मोटरसायकलच पीत होती. संस्था वाईट होती असं नव्हे. बहुतेक ठिकाणी असंच असतं. म्हणूनच ते आधी विचारायचं.

वडिलांना एकदा बोलावलं. त्यांचा विरोध कामाला नव्हताच. ‘अजून किती वर्षं’ हा आकडा त्यांना कुणी दिला नव्हता. तो दिला : तीन वर्षं कॉलेज, त्यानंतर वकिलांची अखिल भारतीय परीक्षा, शिवाय एखाद्या वकिलाच्या हाताखाली जेमतेम कमाईचा काळ. एवढं घर झेपवू शकेल का, यावर ते दोघं माझ्यासमोर तासभर अहिराणीत भांडले. शेवटी ठरलं ते असं : सीईटी द्यायची, एमपीएससीचा एकच प्रयत्न ठेवायचा, आणि मधल्या काळात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करायचा. त्यात पोट भरत नाही, पण मोफत वकील कुणाला मिळतो ते कळतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो, हे मुलाला दोन वर्षं दावे लिहूनही ठाऊक नव्हतं.

नंतर तो त्या पाड्यावर पुन्हा गेला. सत्तरीच्या एका बाईचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि खाली तारीख टाकली.