घरचा पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा केला तर चालेल का? घराचा हप्ता, ऑफिसची रजा, काहीच जमत नाहीये. आई म्हणते, कोप होईल.

आधी एक विचारते, तुमच्याकडे गौरी येतात का? येत असतील तर दीड दिवसाचं अवघड आहे. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, मूळ नक्षत्रावर जातात आणि बऱ्याच घरांत गणपती त्यांच्याबरोबरच निघतो.

गौरी नसतील तर नवस आहे की कुळाचार ते बघा. नवस बोललेला असेल तर फेडा. कुळाचार असेल तर घरच्यांनी मिळून दिवस कमी करता येतात. चतुर्थीची पार्थिव पूजा मुळात एका दिवसाची, पाच-सात-दहा ही घराघराची रीत. आईंना विचारा, सुतक असताना गणपती आणत नाही, तेव्हा कुठे कोप होतो? पेण-उरणकडे तर अशी राहून गेलेली घरं पितृपक्षातल्या संकष्टीला साखरचौथीचा गणपती आणतात.

पण दिवस कमी करून हप्त्याला फार हातभार लागेल असं वाटत नाही. आमच्या भांडुपच्या घरी शाडूची मूर्ती, गुरुजींची दक्षिणा, दादरहून आणलेली फुलं-पत्री यांत जायचं त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मखर, लायटिंग आणि जेवणावळींत जायचे. एकेका संध्याकाळी पंचवीस पानं! आता पहिल्या दिवशी घरी वळलेले उकडीचे मोदक, बाकी दिवस आरतीला गूळ-खोबरं, आलेल्यांना चहा-चिवडा. 2018 च्या थर्माकोलबंदीनंतर पुठ्ठ्याचं मखर केलं, तेच घडी घालून माळ्यावर ठेवतो. थोरल्या आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण यायच्या काही थांबल्या नाहीत.

खरी अडचण रजेची. गणपती असताना घराला कुलूप लावत नाहीत, समई विझू देत नाहीत. दोघंही नोकरीला जाणारे असाल तर पाच दिवस घरात थांबणार कोण? भाऊ असेल तर खर्च आणि रजा दोन्ही वाटून घ्या. नसेल आणि आईंना एकटीने झेपत नसेल, तर खुशाल दीड दिवसाचा करा. पर्सनल लोन मात्र अजिबात नको.

ठरलंच तर यंदा उत्तरपूजेच्या वेळी गाऱ्हाणं घालून सांगा की पुढल्या वर्षापासून दीड दिवस. आणि पुढच्या श्रावणातच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका, नाहीतर विसर्जन होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी विरारचे मामा पेढे घेऊन दारात हजर.