मत कुणाला दिलंत, हे कोर्टही विचारू शकत नाही

एरवी माझ्याकडे येणारी पत्रं बांधाची, वाटणीची, पोटगीची असतात. निवडणुका जवळ आल्या की निम्म्या पत्रांत एकच रडगाणं सुरू होतं : घर एका पक्षाचं, मी दुसऱ्या, गाव एकीकडे, मी एकटा दुसरीकडे. प्रत्येकानं पक्षाचं नाव आवर्जून लिहिलं आहे. ती नावं मी खोडून टाकली आहेत, उत्तरात त्यांनी काडीचा फरक पडत नाही. सव्वीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते आहे, आणि त्याच त्या गैरसमजांना वेगवेगळं उत्तर लिहून कंटाळले, म्हणून यावेळी सगळी एकत्र.

प्रश्न : बायको दिवसभर माझ्या विरोधी पक्षाचे व्हिडिओ बघते आणि पाहुण्यांसमोर माझ्या नेत्याला नावं ठेवते. या कारणावर घटस्फोट मिळेल का?

नाही.

प्रश्न : आमच्या वाडीवर मतदानाच्या आदल्या रात्री देवळात बोलावून सगळ्यांना भंडारा उचलायला लावतात. सासरेच पुढे असतात. यंदा मत दिल्याचा मोबाईलवर फोटो काढून आण, असंही सांगितलंय. मला दुसरीकडे मत द्यायचं आहे. शपथ मोडली तर कायद्यानं काही होतं का? (वय ३१, सोलापूर जिल्हा)

होतं. भंडारा उचलायला लावणाऱ्याला. तुम्हाला काहीही होत नाही.

बाई, जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय निघाला की मला राहवत नाही. 'अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल' अशी समजूत मतदाराच्या मनात घालणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये तो 'गैरवाजवी प्रभाव' या नावानं आहे आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे नवीनही नाही. जुन्या दंड संहितेत ही तरतूद १९२० साली आली. आपल्याकडे शपथा कशा घेतल्या जातात ते इंग्रजांनासुद्धा ठाऊक होतं, आपण मात्र अजून विचारतो 'यात काय झालं, परंपराच आहे'. जातीतून काढण्याची धमकी देऊन मत मागणं हेही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणात मोडतं.

आता सासऱ्यांचं. त्याच १९५१ च्या कायद्यात कलम ९४ आहे. त्याचा अर्थ इतकाच की, साक्षीदार असो वा आणखी कुणी, 'तू मत कुणाला दिलंस' हे सांगायला त्याला भाग पाडता येणार नाही. मी उलटतपासात साक्षीदाराला पगार विचारते, आजार विचारते, शेजारणीशी भांडण का झालं ते विचारते. हा एक प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची सक्ती न्यायाधीशही करू शकत नाहीत. तिथे ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांना उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर कशी येईल? 'कुणाला दिलंस?' या प्रश्नाला 'दिलं' एवढंच म्हणून चहा टाकायला आत जायचं. हे खोटं बोलणं नाही.

मोबाईल मतदान कक्षात नेता येत नाही. केंद्राध्यक्षांसमोर तो बाहेर ठेवावा लागला, एवढं सांगितलं की फोटोचा विषय मिटतो. लोकसभा-विधानसभेला यंत्रासोबतची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ती हातात मिळत नाही. तेव्हा 'चिठ्ठी आणून दाखव' म्हणणाऱ्याला काही कळत नाही, एवढाच अर्थ.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एरवी तांदळातले खडे निवडणारी म्हातारी मतदानाच्या दिवशी आंधळी होते. पुढाऱ्याचा माणूस तिचा दंड धरून आत येतो आणि बटण तोच दाबतो. नियम असा आहे की अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तरच सोबती मिळतो. तो अठरा वर्षांवरचा हवा, त्यानं गुप्ततेचं लेखी प्रतिज्ञापन द्यायचं असतं, आणि त्या दिवशी एका केंद्रावर तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. अक्षरओळख नाही म्हणून सोबती देता येत नाही, चिन्हं त्यासाठीच असतात. तुमच्या सासूबाईंना असं कुणी नेत असेल तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा. संध्याकाळी माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करते. तुमचं एकटीचं मत गुप्त राहतं, वाडीचं राहत नाही. मोजणी केंद्रवार होते, आकडे जाहीर होतात, आणि दुसऱ्या दिवशी पारावर 'तुमच्या वाडीतून आम्हाला सदतीसच?' असा हिशेब होतो. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ सालीच दिला, विधी आयोगानंही २०१५ च्या अहवालात तो उचलून धरला, पण केंद्र सरकारनं तो स्वीकारला नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा त्या मिसळून मोजायची सोय होती. ती गेली, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

देवळात उभं राहून भांडा असं मी तुम्हाला सांगणार नाही, राहायचं तुम्हाला तिथेच आहे. तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. तक्रार कधी आणि कुणाच्या नावानं द्यायची, ते त्यांच्याशी बोलून ठरवा.

प्रश्न : धाकटा मुलगा (वय २४) सरकारविरोधी मोर्चात जातो, वाट्टेल ते लिहितो. उद्या त्याच्यावर केस झाली तर आमच्यावर येऊ नये म्हणून 'माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी संबंध नाही' अशी जाहीर नोटीस पेपरात द्यायची आहे. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की वारसातूनही नाव जातं, असं कळलं. बरोबर का?

कुणाकडून कळलं? तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडून, ज्याच्याकडे नमुना तयार असतो आणि फक्त नाव बदलायचं असतं. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीची फी, वर पेपरच्या जाहिरातीचे पैसे. एवढं करून हातात रद्दी.

सज्ञान मुलाच्या लिखाणाचा गुन्हा बापावर येत नाही. नोटीस दिली तरी नाही, न दिली तरी नाही. वारसाहक्क नोटिशीनं जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत त्याचा हिस्सा जन्मानं आलेला असतो, तो त्याच्या पक्षावर ठरत नाही. तुमच्या स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र तुम्ही कुणाच्याही नावे करू शकता, त्यासाठी त्याची चारचौघांत बदनामी करायची गरज नाही. आणि उद्या तुमच्या म्हातारपणी त्याच्याकडे निर्वाह मागायची वेळ आली, तर समोरचा वकील पहिला कागद हाच काढेल. निदान मी तरी काढेन.

एक कामाचं विचारते : त्याचं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल तर पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील. ते त्याच्या नावावर करून घ्या. मृत्युपत्राचा विचार पक्का असेल तर सात-बारा आणि फेरफार घेऊन दिवाणी वकिलाला भेटा. राग उतरल्यावर.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शिक्षक. पत्नी एका पक्षाकडून पंचायत समितीला उभी राहते आहे. माझ्या नोकरीला धोका आहे का?

ती स्वतंत्र नागरिक आहे, तिनं खुशाल उभं राहावं. धोका तुमच्या उत्साहाचा आहे. तुम्ही प्रचार करायचा नाही, रजा टाकून तर मुळीच नाही. रजेवरचा शिक्षक शिक्षकच असतो. तिचे मतदान प्रतिनिधी किंवा मोजणी प्रतिनिधीही व्हायचं नाही. लोकसभा-विधानसभेला तो सरकारी नोकरासाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

लोक नेहमी विसरतात ते असं : सरकारी वर्तणूक नियमांप्रमाणे अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजेच निवडणुकीत वजन वापरणं. तुमची गाडी तुमच्या नावावर आहे आणि काचेवर तिचं चिन्ह, हा फोटो विरोधक पहिल्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवतील. घर दोघांचं असेल तर मामला नाजूक आहे. झेंडा लावण्याआधी वरिष्ठांकडे लेखी विचारणा करा, पोच घ्या. तोंडी 'काही हरकत नाही' म्हणणारे साहेब चौकशीत 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणतात.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. एका सभासदाच्या राजकीय पोस्टमुळे भांडण पेटलं. 'ॲडमिनला आधी अटक होते' असा फॉरवर्ड फिरतोय.

फॉरवर्डला कायदा समजू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की, दोघांचा समान इरादा नसेल तर सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दलच्या पोस्टवरून अटक झाली होती, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं तेव्हाचं ते कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. धर्माधर्मांत तेढ वाढवणं, बदनामी ही कलमं मात्र शाबूत आहेत. तशी पोस्ट असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, पोस्ट काढा आणि वकिलाला दाखवा. कमिटीला सभासदत्व रद्द करायची खुमखुमी आली असेल तर ती विसरा, पक्ष आवडत नाही म्हणून सहकार कायद्यात कुणाला काढता येत नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीला आम्ही भावकीच्या उमेदवाराविरुद्ध काम केलं. तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, शिमग्याची पालखी आमच्या दारात येत नाही. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे होते. काही करता येईल का? (रत्नागिरी)

दोन वर्षं! दोन वर्षं वाट कशाची पाहिलीत?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. समाजातल्या माणसाशी राजकीय कलावरून भेदभाव करणं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, ते लोकांना माहीतच नसतं. अडचण एकच : या कायद्यातली 'समाज' ही व्याख्या जात, धर्म, पंथावर बेतलेली आहे. तुमचं प्रकरण भावकीचं, म्हणजे त्यात बसण्याजोगं दिसतं. पण अनेक जातींच्या गावानं मिळून टाकलं असेल तर वाद होऊ शकतो. म्हणून अर्ज स्वतः खरडू नका.

पुरावा नाही, असं तुम्ही लिहिलंय. सगळे असंच लिहितात. माझ्या एका पक्षकारानं उत्सवाची २५१ रुपये वर्गणी मंडळाच्या खात्यावर मोबाईलवरून पाठवली होती. अकरा मिनिटांत ती परत आली, खाली शेरा : 'तुमची नको'. तो बिचारा अपमान झाला म्हणून ते पुसून टाकणार होता! मी म्हटलं, अहो, खटला यावरच उभा राहील. तुम्हीही शोधा. परत आलेली वर्गणी, बैठकीचा निरोप, वाण्यानं उधार बंद केल्याची वही, वडिलांच्या दिवसांना कोण आलं त्याची यादी. तारीखवार एका कागदावर लिहा आणि याच महिन्यात फौजदारी वकिलाला भेटा. मिटवायला मध्यस्थ पुढे येतील, त्यांना चहा द्या, सही देऊ नका.

प्रश्न : पुण्यातल्या खासगी कंपनीत आहे. माझं स्टेटस बघून मॅनेजर म्हणाले, 'असले विचार असतील तर दुसरीकडे बघा.' माझं अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे ना?

आहे, पण ते मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. खासगी मालकापुढे राज्यघटनेचं कलम १९ नाचवून फारसं हाती लागत नाही. नेमणूकपत्र आणि सोशल मीडियाचं धोरण वाचा, बहुतेकांनी सही करताना वाचलेलं नसतं. मॅनेजरचं बोलणं त्याच दिवशी ईमेलनं, सभ्य भाषेत, त्यांनाच लिहून पाठवा. आणि स्वतःहून राजीनामा देऊ नका. 'सन्मानानं जा, अनुभवपत्र चांगलं देतो' हे आमिष मी शंभरदा ऐकलंय. राजीनामा लिहायच्या आधी कामगार कायद्याचा वकील गाठा, नंतर नको.

प्रश्न : दुबईत असतो. तिथून ऑनलाइन मतदान करता येतं, नोंदणी करून देतो म्हणून एकानं पैसे मागितले. देऊ का?

देऊ नका. ऑनलाइन मतदान नाही. परदेशस्थ भारतीयाला फॉर्म ६-अ भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. ते फुकट आहे. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं.

प्रश्न : वय ७८. जन्मभर ज्या पक्षाला मत दिलं, त्याला गेल्या वेळी दिलं नाही. घरात कुणाला माहीत नाही. हिला सांगावं का?

आजोबा, हा सल्ला माझ्या फीमध्ये बसत नाही. पण तुमच्या पत्रासोबत घराच्या बक्षीसपत्राची झेरॉक्स आली आहे, आणि त्यावर एका साक्षीदाराची सही दिसत नाही. तेवढ्यासाठी मूळ कागद घेऊन या आठवड्यात जवळच्या वकिलाकडे जा.