दारावर नोटीस चिकटायच्या आधी

(पैशाचे प्रश्न, वाचकांची पत्रं. उत्तरं देणाऱ्या काकांची बँकेतली बरीच वर्षं वसुली खात्यात गेली.)

प्रश्न : काका, माझे बाबा 74 वर्षांचे, आई 69. डोंबिवलीत त्यांचा वन बीएचके आहे, बाबांनी नोकरीत असताना घेतलेला, त्याचं लोन कधीच फिटलंय. सहा वर्षांपूर्वी भावाने फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं तेव्हा बँकेने 28 लाखांचं कॅश क्रेडिट (धंद्याला लागतील तसे पैसे काढायचं कर्ज) दिलं, त्याला हा फ्लॅट गहाण आणि बाबा गॅरंटर. वर्कशॉप बंद पडलं, भाऊ फोन उचलत नाही. आता बँकेची 60 दिवसांची नोटीस आलीय, 31 लाख भरा नाहीतर फ्लॅट ताब्यात घेऊ. आईने रजिस्टर पोस्ट सही करून घेतलं आणि बाबांना टेन्शन नको म्हणून गव्हाच्या डब्यामागे ठेवून दिलं, मला काल कळलं, तोवर 22 दिवस गेले होते. बाबांची पेन्शन 2,900 रुपये. मला कायदा वगैरे नंतर सांगा, आधी हे सांगा की या वयाच्या माणसांना घराबाहेर काढताना बँकेने जरा तरी दयामाया दाखवायला नको का?
– एक मुलगी, डोंबिवली

उत्तर : ताई, दाखवायला हवी. पण तुम्ही ज्या ठिकाणी मागताय तिथे ती मिळत नाही, आणि जिथे मिळायला हवी होती ती जागा सहा वर्षांपूर्वीच मागे पडली, हे मला आधी बोलून घेऊ दे.

मी स्वतः अशा घरांत गेलोय. एकदा एका तालुक्याच्या गावी ताबा घ्यायला गेलो, सोबत दोन पंच, एक पोलीस, कुलूप आणि लाखेची पेटी. घरातले आजोबा साधारण तुमच्या बाबांच्याच वयाचे, त्यांनी साडीच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि त्यातून घरपट्टीच्या पावत्या काढून माझ्यासमोर मांडल्या, वर्षावार, रबर लावलेल्या. म्हणाले, साहेब एक वर्ष चुकलेलं नाही बघा. त्यांना वाटत होतं घर जातंय म्हणजे घराचे पैसे कुठेतरी थकलेत. लोन मुलाच्या ट्रकचं होतं. मी फाईल उघडली तर गॅरंटीच्या कागदावर त्यांची मराठी सही, कागद पूर्ण इंग्रजी, आणि खाली ठसा, ‘मजकूर वाचून दाखवला व समजला’. तो ठसा आमच्या ब्रँचमध्ये पॅडशेजारीच असायचा, कोण वाचून दाखवतंय. मग पंचनामा लिहिला, स्टीलचे डबे अकरा, कॉट एक, देव्हारा एक, आणि देव त्यांनी आधीच टॉवेलात बांधून घेतले होते.

तर दया दाखवायची ती जागा गॅरंटीच्या कागदावर सही घेताना होती. 68 वर्षांचा माणूस, त्याचं राहतं एकुलतं एक घर, आणि लोन दुसऱ्याच्या धंद्याचं, अशा वेळी मॅनेजरने त्यांना एकट्याला, मुलाला बाहेर बसवून, मराठीत सांगायला हवं होतं की हे बुडालं तर तुमचं घर जाईल. कॉन्ट्रॅक्ट कायद्याचं कलम 128 सांगतं की गॅरंटरची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, म्हणजे बँकेने आधी तुमच्या भावामागे धावायचं आणि मगच बाबांकडे यायचं असं काही नसतं, हे किती म्हाताऱ्यांना माहीत असतं? लहान उद्योगांसाठी तारणाशिवाय कर्ज देता यावं म्हणून सरकारचा क्रेडिट गॅरंटी ट्रस्ट 2000 सालापासून आहे, त्यात बँकेला थोडं कागदकाम आणि जोखीम असते, आणि बापाचा फ्लॅट मिळत असेल तर ते कागदकाम करायचं कोणाच्या जिवावर येत नाही? मी पण टाळलंय.

आता तुमच्या नोटिशीकडे. ही सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला स्वतः ताब्यात घेऊन विकू देणारा 2002 चा कायदा, कलम 13(2). हप्ता किंवा खातं 90 दिवस थकलं की ते एनपीए, म्हणजे थकीत खातं, होतं, मग ही नोटीस, मग 60 दिवसांनी 13(4) खाली ताबा, कोर्टात दावा न लावता. या कायद्यात कर्जदाराच्या वयाला वेगळी जागाच नाही, 30 चा असो की 74 चा. सीनियर सिटिझन कायदा 2007 चा आहे, तो मुलांकडून पोटगी मागायला चांगला आहे (आणि तुमच्या भावाच्या बाबतीत त्याचा विचार जरूर करा), पण बँकेचं गहाणखत त्याने सुटत नाही. कोणी सांगेल की पटकन फ्लॅट तुमच्या नावावर बक्षीसपत्र करून घ्या. करू नका. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकता, देता येत नाही, ते 13(13) आहे, आणि वर बँकेला वाटेल तुम्ही चलाखी करताय.

तुमच्याकडे 38 दिवस आहेत, त्यातला एकही भावाला फोन लावण्यात घालवू नका. या आठवड्यात बाबांच्या सहीने बँकेला लेखी अर्ज द्या, 13(3अ) खाली, त्याला बँकेने 15 दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावंच लागतं. अर्जात रडगाणं कमी आणि आकडे जास्त. पूर्ण खातेउतारा मागा आणि त्यात दंडाच्या ओळी शोधा, कारण 2024 पासून रिझर्व्ह बँकेने दंडाचं व्याज बंद केलंय, दंड लावायचा तर शुल्क म्हणून आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. जुन्या खात्यांवर अजून गोंधळ सापडतो, 31 लाखांतले काही त्यातच निघतील कदाचित.

आणि मुख्य मागणी ही करा की आम्हाला फ्लॅट स्वतः विकू द्या. हे ऐकून तुम्हाला राग येईल, पण जरा हिशोब बघा. समजा बाजारभाव 55 लाख. तुम्ही दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाईक आणलं, बँकेने लेखी परवानगी दिली, गिऱ्हाइकाच्या लोनचा चेक थेट या खात्यात गेला, तर 31 फेडून 24 लाख आईबाबांच्या हातात राहतात. तेच घर ऑक्शनला गेलं की आतमध्ये माणसं राहतायत, वाद आहे, असं म्हणत गिऱ्हाईक भाव पाडतं, 42-43 ला सुटलं तरी नशीब, त्यात तोवरचं व्याज आणि ऑक्शनचा खर्च वर. उरलेली रक्कम बँकेला परत करावीच लागते, 13(7), खूप लोकांना वाटतं घर गेलं म्हणजे सगळंच गेलं आणि ते पैसे मागायलाही जात नाहीत. पण उरेल ते निम्मंही नसेल. माझ्या मते बँकेने दाखवायची खरी दया ही, मुद्दल सोडणं नाही, तर म्हाताऱ्या माणसाला आपलं घर आपल्या किमतीला आणि आपल्या वेळेने विकू देणं. सहा महिने. बँकेचं त्यात फारसं जात नाही, कारण ऑक्शनलाही सहज तेवढे लागतात.

वन टाइम सेटलमेंट (थोडी कमी रक्कम एकदम भरून खातं मिटवणं) मागून बघा, पण तो हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये एका नागरी सहकारी बँकेच्या केसमध्ये ते स्पष्ट सांगितलंय. आणि एक तारीख डोक्यात ठेवा, पूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं, 2016 च्या दुरुस्तीनंतर ऑक्शनची जाहिरात छापून आली की तो हक्क संपतो. पूर्वीच्या ओळखीतलं कोणी ‘अजून वेळ आहे’ म्हणालं तर ते जुन्या कायद्यातलं बोलतायत. बँकेने अर्ज फेटाळून ताबा घेतलाच तर 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात जा, साध्या सिव्हिल कोर्टात नाही, तिथे ही केस घेतच नाहीत. वकील लागेल.

बाबांना मात्र आजच सांगा. सही त्यांची लागणारे.

*

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही एका म्हाताऱ्या कर्जदाराबद्दल कळवळून लिहिलं होतं. मी पण 71 वर्षांचा आहे, माझ्या एफडी सहकारी बँकेत आहेत. कर्जं वसूल झाली नाहीत की आमचे पैसे अडकतात, आमच्यावर कोण दया करतं?
– एक ठेवीदार, पुणे

उत्तर : तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे आणि तुम्ही पुण्यात राहता म्हटल्यावर कुठून आलाय तेही कळतं. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये लायसन्स गेलं, मधली नऊ वर्षं लोक आपलेच पैसे मागत फिरत होते. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत सप्टेंबर 2019 ला पहिल्यांदा खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ठेवीचा विमा 1 लाखाचा 5 लाख झाला तो 2020 मध्ये, त्याच गदारोळानंतर.

म्हणूनच मी ‘म्हाताऱ्यांचं घर जप्त करूच नये’ असा कायदा मागत नाही. तसा झाला तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घरांच्या सातबाऱ्यावर आणि अ‍ॅग्रीमेंटवर आईचं नाव चढेल, आणि साठी उलटलेल्याला बँक दारात उभं करणार नाही. शिवाय पीएमसी काय डोंबिवलीच्या वन बीएचकेने बुडाली का? एका बिल्डर ग्रुपला दिलेल्या आणि लपवून ठेवलेल्या कर्जांनी बुडाली. वसुली अधिकारी म्हणून सांगतो, लहान घरावर कुलूप लावणं सोपं असतं, तिथे वकिलांची फौज नसते, टार्गेट मार्च एंडला तिथूनच भरतं. तुमच्या एफडीची काळजी मला त्या दुसऱ्या, बिल्डरच्या फाईलमुळे जास्त वाटते.

*

प्रश्न : आईवडील साताऱ्याला स्वतःच्या घरात राहतात, दोघं साठीच्या पुढचे, मी जर्मनीत. त्यांना महिन्याला पैसे हवेत पण माझ्याकडून घ्यायला संकोच करतात. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये पण शेवटी बँक घर घेऊनच जाते ना?

उत्तर : त्यांच्या हयातीत नाही. 2007 च्या बजेटमध्ये घोषणा झाली, मग नॅशनल हाउसिंग बँकेने नियम काढले, 60 च्या वरच्या माणसाला स्वकमाईच्या राहत्या घरावर बँक दर महिन्याला पैसे देते, जास्तीत जास्त 20 वर्षं, आणि दोघांपैकी एक जण जरी हयात असेल तोवर तिथेच राहतात, पैसे बंद झाले तरी. दोघांच्या नंतर तुम्हाला आधी विचारतात, तुम्ही हिशोब चुकता केला तर घर तुमचं, नाहीतर विकून वरचे पैसे तुम्हाला. व्याजावर व्याज चढत जातं हे खरं, आणि घरपट्टी, विमा, दुरुस्ती चुकवली तर बँक कुरकुर करू शकते. आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, बऱ्याच ब्रँचमध्ये विचारलंत तर समोरचा माणूसच आत जाऊन विचारून येतो. तुमच्या केसमध्ये मी आधी संकोचावरच काम करेन, तुम्ही त्यांच्या अकाउंटला दर महिन्याला पाठवायला सुरुवात करा, विचारू नका.

*

डोंबिवलीच्या ताईंसाठी राहिलंच, नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट सापडलं तर तेही ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. गव्हाच्या डब्यामागे बघा.