जुन्या कारचा अ‍ॅक्सिलरेटर ढिला लागतो, आयडलिंगही (गाडी उभी असताना इंजिनचं मंद चालणं) स्थिर राहत नाही. लिंकेजचे (पेडलपासून इंजिनपर्यंत जाणारे रॉड आणि सांधे) बुश, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या, बदलावेत का?

हो, पण आधी खेळ (ढिलेपणा) नेमका कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद ठेवून लिंकेजचा एकेक सांधा बोटांनी हलवून पाहा. प्रत्येक बुशमधली थोडी थोडी झीज मिळून पेडलपाशी बरीच मोठी होते. म्हणून एकच बदलू नका, सगळे एकदम बदला.

रॉड काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि त्यांची लांबी मोजून ठेवा. लांबी बदलली की सगळं सेटिंग बिघडतं. प्लास्टिकचे जुने बुश कडक होऊन तडकतात, ते कापून काढले तरी चालतं. नवे नायलॉनचे बुश गरम पाण्यात थोडा वेळ ठेवले की नरम होऊन सहज बसतात. हातोडी अजिबात नको. पिनच झिजली असेल तर तीही बदला, नाहीतर नवा बुशही लवकर जाईल.

शेवटी इंजिन बंद असतानाच कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) पूर्ण उघडला पाहिजे आणि पाय काढताच स्वतःहून बंद झाला पाहिजे. कुठेही अडकत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

एवढं करूनही आयडलिंग डळमळत असेल, तर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) थ्रॉटल शाफ्टपाशी, म्हणजे थ्रॉटल ज्या दांड्यावर फिरतो तिथे, बाहेरची हवा शिरते का ते तपासा.